न उतरणारं तेल

धूर खरं बोलतो की काडी, हे तिला पंधरा दिवस कळेना.

सकाळी साडेसहाला व्हॅन सुरू केली की मागून निळसर धुराचा लोट निघायचा आणि फाटकापर्यंत रेंगाळायचा. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळतंय, हे नवऱ्यानं तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. इतर बायकांना नवरे फिरायला नेतात, हिला त्यानं धुराचे रंग शिकवले. काळा म्हणजे इंधन जास्त, दाट पांढरा म्हणजे पाणी, निळा म्हणजे तेल. आता तेल जळत असेल तर ते कमी व्हायला हवं. पण रोज इंजिन थंड असताना ती बॉनेट उघडून तेल मोजायची लांब काडी ओढायची, पुसायची, पुन्हा खुपसून बाहेर काढायची, तर तेल वरच्या खुणेला. काल तिथंच, परवाही तिथंच. जितकं जळलं तितकं कुणीतरी येऊन भरून जात असावं, तसं.

कोण, ते ती मनातसुद्धा म्हणायची नाही.

शाळेची बारा पोरं ने-आण करायची तिची व्हॅन. पोरं व्हॅनकाकू म्हणायची, म्हणून त्यांचे आईबापही व्हॅनकाकूच म्हणत. पदवी कपाटात, परवाना पर्समध्ये, असं ती स्वतःच हसून सांगायची. नवरा मेकॅनिक, इंजिन त्याचं, स्टिअरिंग तिचं, अशी घरातली वाटणी. गेल्या वर्षी सुट्टीत त्यानं व्हॅनचं इंजिन पूर्ण खोलून पुन्हा बांधलं होतं. बांधताना अंगात ताप होता. तो ताप साधा नव्हता हे नंतर कळलं, आणि पाच आठवड्यांत माणूस गेला.

दवाखान्यात एका संध्याकाळी त्यानं डोळे न उघडताच विचारलं होतं, "धूर कसला येतोय?"

"निळा."

तो म्हणाला, "पिस्टन जुनेच घातलेत मी. कार्बननं त्यांच्यावरच्या रिंगा अडकल्या असतील. फळीवर इंजिन साफ करणाऱ्या तेलाचे दोन डबे आहेत, ते घाल. रिंगा हळूहळू सुटतील, तेल खायचं थांबेल. ॲव्हरेज पण वाढेल बघ."

माणसं जाताना काय काय सांगून जातात. हा तेल सांगून गेला.

तिनं ते डबे वर्षभर फळीवरून हलवले नाहीत. आठवड्याला अर्धा लिटर साधं तेल वरून ओतायची आणि गाडी हाकायची. शेवटी नवऱ्याचा गॅरेजमधला भागीदार घरी आला. पान्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून आजार सांगतो, म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणत. तिचा तो भावजी.

"वहिनी, इंजिन उघडू या."

"नाही उघडायचं."

"अहो, एका वर्षात इतकं तेल खायला नको. बांधतानाच काहीतरी..." एवढं बोलून डॉक्टरनं जीभ चावली. दारात सासरे उभे होते. सासऱ्यांनी चौतीस वर्षं बस चालवली होती. अर्ध्या वाक्यावरून पुढचं वळण ओळखणारा माणूस. ते काही न बोलता आत गेले, आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

तिलाही दुसरं काही सांगता येत नव्हतं. ते इंजिन शेवटचं त्याच्या हातांनी बंद झालं होतं. आत प्रत्येक बोल्टवर त्याच्या मनगटाचा जोर अजून तसाच होता. ते उघडायचं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पोचवून येण्यासारखं.

"आधी त्याचं तेल घालू," ती म्हणाली. "महिन्याभरात तेल खायचं थांबलं नाही, तर उघडा."

"घाला. पण मी सांगून ठेवतो, हे तेल मळ काढतं, चमत्कार करत नाही. मळानं रिंग अडकली असेल तर गुण येईल. झिजलं-तुटलं असेल तर कितीही साबण लावा, फाटका शर्ट शिवला जातो का?"

"आणि ॲव्हरेज?"

"ॲव्हरेज तुमच्या उजव्या पायात आहे, वहिनी. आणि टायरांतल्या हवेत." मग तो जरा गंभीर झाला. "काडी मात्र रोज बघा. नकळत तेल खाली गेलं तर इंजिन चालता चालता जाम होतं. मागे बारा पोरं असतात तुमच्या."

त्यातला एक डबा तिनं घातला आणि तेव्हापासून काडी वरच्या खुणेवरून हलेना. तिनं धावत जाऊन गॅरेजमध्ये सांगितलं. डॉक्टरचा चेहरा खुलला नाही.

"धूर?"

"आहे. होता तसाच."

"मग तेल जायलाच पाहिजे." त्यानं पान्यानं डोकं खाजवलं. "भूतबित तर भरून जात नाही ना?"

तो हसणार होता. तिच्याकडे बघून थांबला.

घरी आल्यावर तिनं तेलाच्या झाकणावर आणि शेजारी इंजिनावर अशी एक सरळ खडूची रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी रेघ जागच्या जागी. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरांना आणायला निघताना पाहिलं, तर रेघेचे दोन तुकडे झाले होते. झाकणावरचा तुकडा बोटभर सरकलेला. सकाळी तो सरळ होता, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. म्हणजे जे काही होत होतं ते भर दुपारी, व्हॅन अंगणात उभी असताना, ती आत जेवून जरा पडते तेव्हा.

मधला एक दिवस सोडून पुढच्या दुपारी ती जेवली नाही. व्हॅनच्या मागच्या लांब सीटवर जाऊन आडवी झाली. सीटला खोडरबराचा आणि बिस्किटांच्या चुऱ्याचा वास होता, त्याखाली जळक्या तेलाचा. हाच वास त्याच्या शर्टांना यायचा. शर्ट धुऊन वाटून झाले, वास व्हॅनमध्ये राहिला.

चपला वाजल्या. उजवा पाय किंचित घासत येणाऱ्या.

तो असाच चालायचा. मग गुणगुणणं ऐकू आलं, चाल नसलेलं, एकाच ओळीवर गिरक्या घेणारं, इंजिनात डोकं घातलं की तो जे गुणगुणायचा तेच. बॉनेट वर गेलं आणि समोरची काच काळी झाली. झाकण फिरलं. तेल पडण्याचा जाड, सावकाश आवाज येऊ लागला.

तिनं उठायला हवं होतं. ती उठली नाही. उठलं की कोण ते दिसणार, आणि दिसलं की संपणार. एवढं तेल पडून होईपर्यंत तो बाहेर आहे, असं म्हणून ती डोळे मिटून पडून राहिली. पाणी कानापर्यंत ओघळलं.

मग बाहेरचा माणूस खोकला. तो खोकला शहात्तर वर्षांचा होता.

तिनं दार सरकवलं. सासरे हातात पाण्याची बाटली घेऊन उभे होते, बाटलीत तेल, तोंडाला कागदाचं नरसाळं.

"उन्हात गाडीत काय झोपतेस? डोकं धरेल," ते म्हणाले.

"बाबा, किती दिवस?"

"रोज नाही. एक दिवसाआड." आणि मग, तिनं विचारलं नसताना, "फळीवरचा दुसरा डबा फोडला मी. त्याचंच तेल आहे."

"पण का?"

"त्या डॉक्टरनं म्हणू नये, माझ्या पोराचं काम कच्चं होतं म्हणून. महिनाच काढायचा होता."

तिला राग आला. "आणि मधेच तुम्ही अंथरूण धरलं असतं तर? तेल हलत नाही म्हणून मी काडी बघणंच सोडलं असतं आणि पोरं भरून निघाले असते, बाबा. इंजिन पुलावर जाम झालं असतं तर?"

म्हाताऱ्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. चौतीस वर्षांत ज्यानं एका प्रवाशाला खरचटू दिलं नाही, तो व्हॅनच्या बंपरवर मटकन बसला. बाटली मांडीवर.

"मीच घाई केली," ते म्हणाले. "अंगात ताप आहे, पडून राहा, म्हणायचं सोडून मी त्याला म्हटलं, सोमवारी शाळा उघडते, गाडी तयार पाहिजे. तो म्हणाला, होईल. इंजिन तेल प्यायला लागलं तसं मला वाटायचं, हे माझंच पाप पितंय."

ती त्यांच्या शेजारी बसली. चटके बसण्याइतका बंपर तापला होता, पण दोघंही उठले नाहीत.

चार दिवसांनी पोरांना दुसऱ्या गाडीत बसवून तिनं व्हॅन गॅरेजमध्ये नेली. सासरे स्वच्छ शर्ट घालून सोबत आले. इंजिन उघडलं आणि डॉक्टर म्हणाला, "हे बघा! घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख. मळाचा ठिपूस नाही. तेलानं आपलं काम चोख केलंय." एकेक पिस्टन निघत गेला. रिंगा सगळ्या सुट्या, बोटानं फिरत होत्या. तिसऱ्या पिस्टनवर तो थांबला. भिंग डोळ्याला लावलं. मग भिंग तिच्या हातात दिलं आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या रिंगेवर मोहरीपेक्षा लहान ठिपका कोरलेला होता. तो खालच्या अंगाला होता.

"हा वर पाहिजे," डॉक्टर हळू म्हणाला. "उलटी बसली की ही रिंग तेल खरवडून खाली लोटायच्या ऐवजी वर ओढते. याला कुठलं तेल काय करणार, वहिनी? तेल साफ करतं. उलट्याचं सुलटं नाही करत."

"मला द्या," सासरे म्हणाले.

त्यांनी चष्मा सरळ केला, ठिपक्यावर नख फिरवलं. आता काय म्हणतील, म्हणून ती त्यांच्या ओठांकडे बघत होती.

"एकशे दोन ताप होता," ते म्हणाले. "एकशे दोन तापात बाकी सगळ्या सरळ बसवल्यात त्यानं."

"माझ्याकडून ताप नसताना झालंय, बाबा," डॉक्टर म्हणाला. "तेव्हा त्यानंच शोधून दिलं होतं. महिनाभर चहा वसूल केला माझ्याकडून."

"नवी रिंग मी बसवतो."

डॉक्टर तिच्याकडे बघू लागला. "बसवू द्या त्यांना," ती म्हणाली. "तुम्ही नीट बघा."

त्यांनी रिंग फाकवून खाचेत सोडली. "ठिपका वर," असं मोठ्यानं म्हणून त्यांनी ती डॉक्टरला दाखवली, मग तिला दाखवली. आणि मग पिस्टन जरा डावीकडे धरला, जिथं कुणीच उभं नव्हतं, आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

व्हॅन आता धूर सोडत नाही. "काकू, आज ढग नाही?" पोरांनी दोन दिवस विचारलं आणि विसरून गेली. लिटरमागे अर्धा किलोमीटर जास्त मिळतो, पण त्याच दिवशी तिनं टायरांत हवाही भरून घेतली होती, तेव्हा श्रेय कुणाचं ते डॉक्टरही सांगत नाही. सीटला नुसता खोडरबराचा वास येतो. झाकणावरची खडूची रेघ तिनं पुन्हा ओढलीय. ती एकसंध आहे, आणि ती एकसंध बघून दर सकाळी तिला जरा एकटं वाटतं.

काल दुपारी ती मागच्या सीटवर जाऊन पडली. का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही. बऱ्याच वेळानं चपला वाजल्या, उजवा पाय घासत. बॉनेट वर गेलं, काच काळी झाली. झाकण फिरलं नाही. काडी ओढल्याचा, पुसल्याचा, पुन्हा ओढल्याचा आवाज आला.

"आहे तेवढंच आहे," सासरे बॉनेटआडून म्हणाले. ती आत आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"बघितलंय मी सकाळी."

"मीही बघितलं होतं," ते म्हणाले आणि गुणगुणू लागले, चाल नसलेलं. बॉनेट त्यांनी लगेच खाली केलं नाही, आणि तिनंही करा म्हटलं नाही.