आयतवारी सांगतो

पास्कू बोलता बोलता समोरच्याचा हात धरायचा आणि त्याच्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं नाचवायला लागायचा. मग मान तिरकी करून विचारायचा, "वलख, कुठचा गाना?" ट्रंपेटला तीन कळा असतात आणि माझ्या मनगटाला एकही नाही, हे त्याच्या गावीही नसायचं. मी काहीतरी ठोकून द्यायचो. ते चुकायचंच. "नाय रे सदा. आयतवारी सांगतो." आणि रविवारी सकाळी चर्चमधून आला की विहिरीच्या कठड्यावर बसून तेच गाणं ट्रंपेटवर वाजवून दाखवायचा.

पन्नास-एकावन्न साली मरोळ गावठाणातल्या त्याच्या घरात मी वरची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा इतक्या लांब खेड्यात कशाला म्हणून कचेरीतल्या लोकांनी मला वेड्यात काढलं होतं. पास्कू कारखान्यात लेथवर होता. लग्नाच्या मोसमात मात्र मरोळपासून वर्सोव्यापर्यंत ख्रिस्ती मांडवांत त्याचा बँड असायचा. सूर लिहिलेला कागद त्याला वाचता येत नसे, सगळं कानानं. "कागुद बघून वाजवतो तो पोष्टमन," असं म्हणायचा.

चार-पाच वर्षांनी त्याचा उजवा डोळा लाल झाला. डोळे आले असतील म्हणून त्याच्या बायकोनं, मार्थानं, गुलाबपाणी घातलं. पण चिपडं येईनात. नुसता ठणका, आणि उजेड म्हणून सोसेना. मीच त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळा तपासला आणि म्हणाले, "आता तोंड उघडा." डोळ्यात जंतू नाहीत, ते दातांच्या मुळाशी दडलेत आणि त्यांच्यावर चवताळलेलं शरीर राग काढतंय डोळ्यावर, असं त्यांचं म्हणणं. वरचे सगळे दात काढायला हवेत. त्या काळी चांगले चांगले डॉक्टर हेच सांगत.

"दात गेलं त वाजवनार कशानं?" घरी आल्यावर पास्कूनं विचारलं.

"आणि डोळे गेल्यावर काय वाजवणार आहेस? कपाळ?" मी उसळून म्हणालो.

"तू शिकलेला हायेस," एवढंच तो बोलला. आंधळ्यालाही ट्रंपेट वाजवता येतं, आणि कानानं वाजवणाऱ्या पास्कूला तर नक्कीच आलं असतं, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात तेव्हा शिरलंच नाही.

दात गेले. तीन महिने डोळा शांत राहिला आणि मी स्वतःवर खूश होतो. कवळी बसल्यावर त्यानं एकदाच ट्रंपेट ओठांना लावलं. कवळी सरकली, नुसती हवा फुसफुसली. त्यानं ते पुसून पेटीत ठेवलं. पुढच्याच महिन्यात तोच डोळा पुन्हा लाल झाला. डॉक्टर आता टॉन्सिलचं बोलू लागले.

"डाक्टर," पास्कू म्हणाला, "सगला काढून झाला का मंग डोलाच काढा."

डॉक्टर हसले नाहीत. तेव्हा कॉर्टिसोनचे थेंब नवीन आले होते, ते त्यांनी मागवले. आग विझली, पण तोवर त्या डोळ्यापुढे कायमचं धुकं आलं होतं. डावा वाचला.

पुढे मी दुसऱ्या एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "एखादा संसर्ग निमित्त होतही असेल. शरीर मग स्वतःच्याच डोळ्यावर उलटतं. पण दात काढून ते थांबतं, असा माझा तरी अनुभव नाही." हे मी पास्कूला सांगितलं नाही. धीर झाला नाही. त्यानं मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर मला बरं वाटलं असतं.

काही वर्षांनी मला मुलुंडला जागा मिळाली. सामान टेम्पोत चढलं तेव्हा पास्कूनं माझा हात धरला आणि मनगटावर बोटं टेकवली. खूप दिवसांनी. बराच वेळ वाजवत होता.

"वलख."

मी मनापासून प्रयत्न केला. "नाही रे ओळखता येत."

"आयतवारी सांगतो," सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं. मग आम्ही दोघंही विहिरीकडे बघत उभे राहिलो.

पास्कूला जाऊन आता खूप वर्षं झाली. मला त्याची फार आठवण येते, रविवारी सकाळी तर जास्तच. चहा झाला की मी माझीच बोटं मनगटावर ठेवून बघतो. पहिलं, पुन्हा पहिलं, मग तिन्ही एकदम. त्याच्यापुढचं मला आठवत नाही.