गडूतला देवमासा

माझ्या तांब्याच्या गडूविषयी मुलगा पाहुण्यांना जे सांगतो, ते खोटे आहे. म्हणे, ध्रुवाकडच्या समुद्रावरून मी त्याच्या आईसाठी गडूभर हवा आणली. तिने झाकण काढले, आत काहीच नव्हते, म्हणून ती रडली. हा तेव्हा ऑकलंडला होता. पाहिले काय याने?

मी संशोधनाच्या जहाजावर शीतयंत्रे सांभाळत असे. पत्नीला दमा होता. ख्राइस्टचर्चच्या हिवाळ्यात घरोघरी लाकडे पेटली की तिला खिडकी उघडणे अशक्य होई. मी निघताना तिने माहेरचा, गंगाजल संपलेला गडू पुढे केला. "लोक काशीहून गंगा आणतात. तुम्ही तिथली हवा आणा."

तिथे हवा इतकी निर्मळ की कडाक्याच्या थंडीतही तोंडची वाफ दिसेना. वाफेला धरायला धूळच नव्हती. मी डेकवर गडू उघडला, आणि कठड्यालगत एक देवमासा वर येऊन प्रचंड फुत्कारला. तुषार अंगावर आले. मी घाईने झाकण फिरवले.

बंदरावर अधिकाऱ्याने विचारले, "यात काय?"

"हवा."

"स्वीट ॲज," म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास', म्हणत त्याने सोडले.

घरी तिने झाकण काढून नाक लावले. "अहो, ही शुद्ध हवा? हा तर मासळीबाजार!"

मी देवमाशाचे सांगितले.

"म्हणजे चार महिने वाट पाहून मला कुणाचा तरी उष्टा श्वास?" गडू तोंडाशी धरूनच ती इतकी हसली की ठसका लागला, पंप द्यावा लागला. तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला दिसले ते फक्त तिचे ओले डोळे.

मग तिने झाकण घट्ट लावले. "उरलेली तिथेच जाऊन घेऊ. दोघे."

"निवृत्त झालो की," मी म्हणालो. पुढचा हिवाळा तिला पेलला नाही.

आता मुलगा मला उत्तरेकडे, रोटोटुनाला, त्याच्या नव्या घरी नेतो आहे. काल सामान बांधताना म्हणाला, "बाबा, रिकामा गडू कशाला?"

"रिकामा तू म्हणतोस," मी सुनावले. गडू मी हातातच नेणार. विमानतळावर कुणी विचारलेच, यात काय, तर बंदरावर दिले तितके ठाम उत्तर मला देता येईल असे वाटत नाही.