डबीचं झबलं

धाकटीच्या घरात उघडी वस्तू औषधालासुद्धा सापडायची नाही. रिमोटला कव्हर, मिक्सरला कव्हर, फोनच्या चार्जरलाही इलॅस्टिक घातलेलं कव्हर. शिवणाचा धंदा, चिंध्या रोज उरायच्या आणि चिंधी फेकणं तिच्या जिवावर यायचं. "मावशी, मलाही एक शिवून टाक, धूळ बसणार नाही," असं भाचा चिडवायचा. साठीला टेकली तरी गल्लीत सगळे तिला धाकटीच म्हणत, कारण घरात थोरली बहीण होती.

आई गेली तेव्हा थोरलीनेच तिला न्हाऊमाखू घातलं, सुईत दोरा ओवायला शिकवलं. आता थोरलीला अर्धांगाचा झटका आलेला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. राहिला डावा हात आणि दोनचार तुटके शब्द. हाक मारायची तर ती तो हात वर करायची. तोही बिचारा क्षणभर टिकायचा आणि गादीवर पडायचा. मग दम खाऊन पुन्हा वर.

मशीन पुढच्या खोलीत, थोरली मागच्या खोलीत, मधे दोन जाड भिंती. हात दिसणार कसा? धाकटीचा जीव सारखा टांगणीला लागलेला. परगावी नोकरीला असलेला भाचा, म्हणजे थोरलीचा एकुलता एक मुलगा, सुट्टीत आला आणि आईच्या पलंगासमोर कॅमेरा लावून बसला. पण वायफाय काही तिथवर पोचेना.

"भिंती कसल्या, किल्ला आहे हा!" म्हणत तो बाजारातून दोन पांढरे अ‍ॅडॅप्टर घेऊन आला. एक पुढे राउटरपाशी लावला, दुसरा थोरलीच्या उशाशी. इंटरनेट आता भिंतीतल्या विजेच्या वायरीतूनच मागे जाणार होतं. धाकटीने त्यांचं नाव ठेवलं डबी.

"एक्सटेन्शन बोर्डावर लावायची नाही हं, थेट सॉकेटातच," भाच्याने बजावलं. "आणि हा दिवा बघत जा. हिरवा असला की ठीक. लाल झाला तर मला सांग."

चित्र झकास दिसायला लागलं. मशीनशेजारी फोन उभा केलेला आणि फोनमध्ये थोरली. हात वर झाला की धाकटी इथूनच ओरडायची, "आले गं!" आणि टीप पुरी करून जायची.

मग दिवा लाल व्हायला लागला. आधी कधीमधी, नंतर इस्त्री लावली की हमखास. घर जुनं, वीज आधी मागच्या खोलीत यायची आणि तिथल्या सॉकेटातून पुढे जायची. पुढच्या इस्त्रीचा सगळा भार थोरलीच्या उशाशी असलेल्या सॉकेटातल्या वायरीच्या जोडावर पडत होता आणि तो जोड सैल होत चालला होता. हे धाकटीला कुठून कळणार! तिने नेटवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "बाई, आमचं नेट चोख आहे. भिंतीतलं वायरमनला विचारा." वायरमन आला, पंखा लावून बघितला, बटणं खालीवर केली. "लाईट आहे ना? मग झालं. नेटचं नेटवाल्याला विचारा." दोघांनी हात झटकले आणि दोघेही चहा पिऊन गेले.

इकडे थोरली त्या दिव्याकडे टक लावून बघायला लागली. "डोळा," म्हणायची. हात उचलून भिंतीकडे करायची. "डोळा. लाल."

"घाबरतेस होय गं?" धाकटीला भडभडून आलं. जिने आपल्याला अंधाराला न घाबरायला शिकवलं, ती आता एवढ्याशा दिव्याला भिते. तिने त्याच दिवशी उरलेल्या काळ्या मखमलीचं, आत जाड अस्तर लावून डबीला झबलं शिवलं. गळ्याला इलॅस्टिक, खाली झालरसुद्धा. डोळा मिटला. थोरली मात्र झबल्याकडेही तशीच बघत राहिली. ती भीत नव्हती, दाखवत होती.

भाच्याने फोनवर विचारलं, "दिवा कसा आहे, मावशी?"

"झबलं घातलंय त्याला, दिसतच नाही."

"धन्य आहे तुझी!" तो हसला. तीही हसली.

पुढे घरात जळका वास यायला लागला. तोही इस्त्री चालू असताना. धाकटीने इस्त्रीची वायर बदलली, मग इस्त्रीच नवी घेतली. चोर सोडून संन्याशाला फाशी! नवी इस्त्री जुनीपेक्षा जास्त तापायची. मधूनमधून चित्र अडकायचं आणि पुन्हा चालू व्हायचं. तिला त्याची सवय झाली.

शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं, त्या दुपारी इस्त्री जेवणानंतर जी लागली ती लागलीच. कॉलरींची चळत समोर. फोनमध्ये थोरलीचा हात वर झाला.

"आले गं! एवढी कॉलर होऊ दे."

कॉलर झाली. तिने बघितलं, हात वरच होता. "अगं हो, आले म्हटलं ना," म्हणत तिने दुसरी घेतली, कारण पाणी मारून ठेवलेली वाळली असती. वास येत होता. तिने इस्त्री उलटी करून पाहिली. तळ स्वच्छ. फोनमध्ये हात अजून वर.

तिने फोन उचलून जवळून पाहिला. थोरलीचा हात इतका वेळ वर राहतच नाही. चित्र अडकलेलं होतं.

ती धावली. मधल्या दारातच धुराने तिला अडवलं. झबलं जळून खाली गळलं होतं, ते उशीवर पडलं होतं, उशी धुमसत होती. तिने थोरलीला गादीसकट ओढून बाहेर काढलं. एरवी एकटीला कुशीवर वळवता यायची नाही, ती त्या वेळी कशी ओढली गेली देव जाणे. शेजारी धावले, कुणी मेन स्विच पाडला, कुणी पाणी ओतलं. थोरलीला भाजलं फार नव्हतं. धूर मात्र छातीत भरला होता. डावा हात अंगाशी पडलेला होता. तो पुन्हा वर झाला नाही.

भाचा आला. आईचे दिवस करून त्याने सगळी वायरिंग बदलून घेतली, मावशीला एका शब्दानेही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटतं. घरातली सगळी कव्हरं तिने स्वतःच्या कात्रीने कापून काढली. मिक्सर, रिमोट, चार्जर आता उघडे पडलेले असतात, त्यांच्यावर धूळ बसते.

शिवण अजून चालू आहे. दारातून कुणी नुसती हाक मारली तरी ती टीप अर्धी टाकते, सुई कापडात तशीच राहते. "आले," असं ती आता म्हणत नाही. उठते आणि जाते.