भाऊजी माप घ्यायला जातात

माझे धाकटे दीर शिंपी आहेत, असा आख्ख्या गल्लीचा समज आहे. गळ्यात टेप, खिशात खडू, चालही शिंप्यासारखीच जरा वाकलेली. पण दुकान चालवते मी, मशीनवर बसते मी, आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाते तीही मीच. भाऊजी फक्त मापं आणतात. तीही अशा माणसांची, ज्यांनी शर्ट शिवायला सांगितलेलाच नसतो.

भाऊजी शिवण शिकले तुरुंगात. आत का गेले ते मी सांगत बसत नाही. शिक्षा भोगून झाली, विषय संपला. आत असतानाच त्यांना एचआयव्ही असल्याचं कळलं, गोळ्या सुरू झाल्या, अंगही धरलं. आणि सुटले त्या दिवशी या शहाण्या माणसानं त्या गोळ्या गेटबाहेर फेकून दिल्या. आतल्या लोकांत एक समजूत असते, की तिथली वस्तू बाहेर आणली तर ती माणसाला परत आत ओढून नेते. साबण, टॉवेल, चपला, सगळं तिथेच टाकायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. साबणाचं ठीक आहे हो, पण औषध? हे ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पुढे भाऊजी असे खंगले की ह्यांनी आणि मी त्यांना अक्षरशः उचलून दवाखान्यात नेलं.

तिथून ते वाचून आले ते एकच खूळ डोक्यात घेऊन. गेट ते दवाखाना एवढ्या वाटेवर आता एकही माणूस हरवू द्यायचा नाही.

आता ते एका छोट्या संस्थेत हेच काम करतात. तुरुंगात जाऊन, हा आजार असलेल्या आणि सुटायला आलेल्या लोकांना भेटतात. ज्याची तयारी असेल तो आपला पत्ता देतो. सुटकेच्या दिवशी भाऊजी गेटवर हजर. आधी दवाखाना, मग घर. एकदा माणूस घरी गेला की रडारड होते, भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, आणि दवाखाना उद्यावर जातो. तो उद्या काही उजाडत नाही.

पण कुणाला अचानक जामीन मिळतो आणि तो गेटवरून निसटतो. मग भाऊजी टेप घेऊन त्याच्या घरी जातात. टेप अशासाठी, की घरी बहुतेकांनी काही सांगितलेलं नसतं. अनोळखी माणूस दारात आला की घरचे हजार प्रश्न विचारतात. शिंप्याला कोण विचारतंय? शिवाय छाती मोजताना शिंप्याचं तोंड गिऱ्हाइकाच्या कानाशी असतं. जे बोलायचं ते तिथल्या तिथे बोलून होतं, आणि माणूस झडायला लागलाय का तेही टेपला कळतं. युक्ती नामी आहे, मी नाही म्हणत नाही. फक्त माप घेतलं म्हणजे शर्टही द्यावा लागतो, आणि तो शिवायचा कुणी? आहे की वहिनी!

तर असाच निसटलेला एक पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला जामीन मिळाला तेव्हा भाऊजी दुसऱ्या कुणाला घेऊन दवाखान्यात होते. तुरुंगासमोरचा रस्ता झाडणारी बाई आमच्या ओळखीची. तिचा फोन आला, "मास्तर, तुमच्यातलं कुणीतरी सुटून गेलं वाटतं. औषधाची पिशवी गटाराच्या कडेला पडलीये, कागदासकट."

भाऊजींनी पिशवी उचलली, कागदावरचं नाव बघितलं आणि तसेच त्यानं आधी दिलेल्या पत्त्यावर गेले. संध्याकाळी दुकानात येऊन बसले, तेव्हा चेहरा उतरलेला.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, मी ठणठणीत आहे. आतली ब्याद आत राहिली."

"तुमचाच भाऊ शोभतो."

"म्हणूनच त्याला सोडणार नाही, वहिनी."

काही दिवसांनी बाहीचं माप राहिलं असं निमित्त काढून ते परत गेले. तो तापानं पडून होता, तरी ऐकेना. घरी म्हातारी आई, तिला कळलं तर ती खचेल, हे एकच पालुपद. तिसऱ्यांदा गेले तेव्हा छातीचं माप इतकं उतरलं होतं की मी कापलेला शर्ट त्याच्या अंगावर लोंबला असता. आता मात्र मी वैतागले. कापड वाया गेल्याचा राग होता, पण खरं म्हणजे मला भाऊजींचेच ते जुने दिवस डोळ्यांसमोर दिसत होते आणि भीती वाटत होती.

"ज्याला जगायचंच नाही त्याच्या मागे किती हात धुऊन लागायचं?" मी म्हणाले.

"त्याला जगायचंय. परत आत जायची धास्ती आहे, आणि आई खचेल याची. खोकला छातीत उतरलाय. आणखी थोडे दिवस असेच गेले तर दवाखानासुद्धा काही करू शकणार नाही." टेप बोटांभोवती गुंडाळत ते म्हणाले, "उद्या तुम्ही चला. त्याच्या आईला गाऊन शिवायचाय. माप बाईनंच घ्यायचं म्हणाल्या."

"चांगलंच आहे की."

"पण आजाराचं नाव तोंडातून निघता कामा नये. ते सांगायचा हक्क त्याचा. तुमच्या तोंडाचा पट्टा उद्या घरी ठेवून या."

स्वतःचा आजार भाऊजी कुणापासून लपवत नाहीत. दुसऱ्याचा मात्र जीव गेला तरी सांगणार नाहीत. मी कानाला खडा लावला.

दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवलेली एक अर्धवट पाटी, रंगाचे डबे, वाळून कडक झालेले ब्रश. पेंटर खाटेवर बसला होता आणि बसल्या बसल्या त्याला धाप लागत होती. आई बुटकी, खणखणीत आवाजाची. मला बघताच म्हणाली, "आलात? बरं झालं. तुमचे मास्तर तिसऱ्यांदा माप घेऊन गेले. शर्ट शिवताय की तंबू?"

मी हसून पिशवीतून टेप काढली.

तिनं मला आतल्या खोलीत नेलं आणि हात वर करून उभी राहिली. मी टेप तिच्या पाठीमागून घेतली तशी ती कुजबुजली, "तुमचे दीर शिंपी नाहीत."

"का बरं?"

"शिंपी माप लिहून घेतो. हे तीनदा आले, एकदा कागदाला हात लावला नाही."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. एवढी मोठी युक्ती, आणि साधी पेन्सिल न्यायची सुचली नाही!

"घाबरू नका," ती म्हणाली. "माझं पोर झिजतंय, मला दिसतं. आजाराचं नाव विचारत नाही. त्याला सांगायचं तेव्हा सांगेल. मला फक्त एवढं सांगा, वाचेल का तो?"

तिचे हात अजून वरच होते. पेंटरबद्दल एक अक्षर काढायचं नव्हतं. पण भाऊजींबद्दल बोलायला मला कुणी बंदी केली नव्हती. मी तिला खांद्याला धरून दाराकडे वळवलं. बाहेर भाऊजी खाटेपाशी वाकून टेप धरून उभे होते.

"हे कसे वाटतात तुम्हाला?" मी विचारलं.

"चांगले धडधाकट."

"यांना मी एकदा उचलून दवाखान्यात नेलंय. पायावर उभं राहायचं त्राण नव्हतं. आता रोज गोळी घेतात आणि रोज माझं डोकं खातात."

ती भाऊजींकडे बघतच राहिली. मग हात खाली घेतले, पदराने डोळे पुसले आणि तरातरा बाहेर गेली.

"ऊठ," ती मुलाला म्हणाली. "मास्तर नेतील तिकडे जायचं. मीही येतेय. कुठे चाललोय ते मी विचारणार नाही."

पेंटरनं भाऊजींकडे असं बघितलं की मला वाटलं आता भांडण होणार. "तुम्ही सांगितलंत?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "मी सांगत नसतो."

"आतलं औषध मी घेणार नाही."

"नको घेऊस. दवाखाना नवी डबी देतो, सील तू फोडायचंस. तुरुंगातून आला तो फक्त कागद, आणि तो माझ्या खिशात आहे. तुरुंग मागे लागला तर माझ्या लागेल."

तो पहिल्यांदा हसला. खोकत खोकत हसला, आणि चपला शोधू लागला.

दवाखान्यात खिडकीवरचा माणूस म्हणाला, वेळ संपत आली, उद्या या. भाऊजी म्हणाले, "उद्या नाही. आज." चिडले नाहीत, ओरडले नाहीत, नुसते खिडकीवर कोपर टेकून उभे राहिले. शेवटी त्यानंच कागद ओढून घेतला. तपासणी झाली, रक्त काढलं, छातीचा फोटो झाला. मग डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ समजावून सांगितलं आणि डबी दिली.

आई बाहेरच्या बाकावर बसली होती, मुद्दाम भिंतीकडे तोंड करून. "मी बघत नाहीये," ती म्हणाली. "तू तुझं घे."

पेंटरनं सील फोडलं. नळावरून पाणी आणलं आणि गोळी तळहातावर घेऊन तसाच उभा राहिला. मी काही बोलणार तेवढ्यात भाऊजींनी मला डोळ्यांनीच दटावलं.

मग तो बाकाला वळसा घालून गेला. भिंत आणि आईचे गुडघे यांच्यामध्ये जेमतेम उभं राहण्याइतकी जागा होती. तिथे तिच्यासमोर उभा राहून त्यानं गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायला.

"आई," तो म्हणाला, "ही रोज याच वेळेला घ्यायची आहे. मी विसरलो तर मला ओरड."