खाऱ्या पाण्याची रेघ

न्यूझीलंडला, पामर्स्टन नॉर्थमधल्या पहिल्या वर्षी मला शनिवारची धास्ती वाटायची. आठवडाभर संशोधन संस्थेतली यंत्रं दुरुस्त करताना माणसं भेटायची, ‘हाऊ आर यू’ विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जायची. शनिवारी तेवढंही नसायचं. बायको तिच्या आईच्या आजारपणामुळे पुण्यात अडकली होती आणि तिचं येणं दर महिन्याला पुढच्या महिन्यावर जात होतं. घरात आवाज म्हणजे फक्त फ्रिजचा.

म्हणून गावाबाहेरच्या एका शेडमध्ये फुकटचं काम धरलं. काही निवृत्त मंडळींनी तिथे दुसऱ्या महायुद्धातलं सामान मांडलं होतं. मी इंजिनिअर, त्यामुळे जड मशिनगन माझ्या वाट्याला आली. फोनवर बायकोला सांगितलं तर म्हणाली, “घरातला पंखा कधी पुसला नाहीस, आणि तिकडे मशिनगन पुसतोयस?”

दर शनिवारी दोन वाजता तिथे एक आजोबा यायचे. वय नव्वदीचं, पाठ ताठ, पायात थंडीतसुद्धा जँडल्स, म्हणजे रबरी चपला. ते त्या युद्धात पॅसिफिकमधल्या एका बेटावर उतरले होते. अशी गन म्हणजे एकट्याचं काम नव्हे, हे त्यांनीच मला शिकवलं. एकाच्या खांद्यावर ट्रायपॉड, दुसऱ्याच्या खांद्यावर गन, तिसऱ्याकडे गोळ्यांचे पट्टे आणि गन थंड ठेवायला पाण्याचा डबा. किनाऱ्याजवळ बोटीची उतरायची फळी पाण्यात पडली की ट्रायपॉडवाला आधी उतरणार, कारण गन त्याच्यावरच बसायची. तो ट्रायपॉड मी एकदा उचलून पाहिला आणि चार पावलांत खाली ठेवला.

आजोबा ट्रायपॉडवाले. छातीभर पाण्यातून ते वाळूवर पोचले, ट्रायपॉड रोवला आणि मागे वळून पाहिलं. गन घेऊन येणारा त्यांचा दोस्त आलाच नाही. त्याच्या पाठीवरची कॅनव्हासची पिशवी तेवढी नंतर त्यांना मिळाली. ती त्यांनी आयुष्यभर जपली आणि शेवटी शेडला दिली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. नंतर ते नुसते येऊन पिशवीपाशी उभे राहायचे, मग माझ्याबरोबर चहा घ्यायचे आणि रग्बीवर बोलायचे. मला रग्बीतलं ओ की ठो कळत नाही. पण त्या एका तासावर माझा सबंध आठवडा निघायचा.

ऑक्टोबरात खंडेनवमी जवळ आली. माझे वडील टर्नर होते. त्या दिवशी आमच्या घरी पान्यापासून कानशीपर्यंत सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलं जायचं. इथे एकट्याला तो दिवस सुना जाऊ द्यायचा नव्हता. मी शेडमधली हत्यारं पुसली, गनला तेल दिलं. खरीखुरी शस्त्रं पूजेला मिळण्याचं भाग्य आमच्या घराण्यात पहिलं माझंच. मग पिशवीकडे लक्ष गेलं. पूजेला मळकं काही ठेवायचं नाही, हे अंगात मुरलेलं. कुणाला विचारलं नाही. ती घरी नेली, साबण लावून ब्रशने घासली, दोन दिवस उन्हात वाळवली. स्वतःवर खूश होतो मी.

शनिवारी आजोबांनी पिशवी हातात घेतली, उलटीपालटी केली.

“रेघ कुठे गेली?”

“कसली रेघ?”

“पाण्याची. तो मेलेला सापडला तेव्हा पिशवी निम्मी पाण्यात होती आणि निम्मी बाहेर. म्हणजे तो वाळूपर्यंत आला होता. माझ्यापासून वीस पावलांवर.”

तेव्हा मला आठवलं. आडवी, तपकिरी, कडेला पांढुरकी. तीच मी सगळ्यांत जास्त वेळ घासली होती. जाऊन जाईना म्हणून ब्रश बदलला होता. आजोबांनी पिशवी जागेवर ठेवली, “ऑल गुड, मेट,” म्हणाले आणि चहा न घेता गेले.

पुढचे तीन शनिवार ते आले नाहीत. चौथ्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो. छोटं, एका माणसाचं घर. त्यांनी चहा केला. मी तीनदा माफी मागितली.

“मी रागावलेलो नाही,” ते म्हणाले. “ट्रायपॉड सोडायचा नाही असा हुकूम होता, म्हणून तेव्हा मागे गेलो नाही. दर शनिवारी त्या रेघेसमोर उभा राहून मनातल्या मनात ती वीस पावलं चालायचो. दुसरं काही काम नाही मला. आता तिथे कशासाठी येऊ, तूच सांग.”

त्यांनी खरंच विचारलं होतं. कप हातात धरून ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

माझ्यासाठी या, एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आलेही होते. पण नव्वदीतल्या परक्या माणसापुढे, तेही इंग्रजीत, इतकं उघडं व्हायची मला लाज वाटली.

“नो वरीज,” मी म्हणालो, माझा कप विसळून ठेवला आणि निघालो.