बायांच्या पचरीवरची वाट

एका जागी बसणं मले जन्मात जमलं नाही. रायपूरच्या शंकर नगरातल्या आमच्या घरी आई रोज ओरडायची, "अवं, पायाले भिंगरी लागली का तुह्या? दोन घास तरी बसून खाय!" मी उभ्यानंच पोळीचा तुकडा तोंडात कोंबायची, स्कुटी काढायची आणि नव्या रायपूरच्या ऑफिसात निघायची. तेव्हा राज्य नवं होतं आणि राजधानी त्याहून नवी. रस्ते हे एवढे रुंद, आणि त्यावर माणूस दिसला तर आपणच हात हलवावा असं वाटायचं. ऑफिसच्या भिंतींले अजून रंगाचा वास येत होता. त्या मजल्यावर सब-इंजिनीयर बाई मी एकटीच होती आणि मले ते सगळ्यांले दाखवून द्यायचं होतं. काय दाखवून द्यायचं होतं, ते आता विचाराल तर नीट सांगताही येणार नाही.

त्या वर्षी एक अनुदान निघालं. एकाच योजनेत दोन कामं होती: तलाव आणि त्याचं पाणलोट जपायचं, आणि तिथवर लोकांले सहज जाता यावं अशी वाट करायची. पाणलोट म्हणजे तलावात जिकडून जिकडून पाणी वाहत येते तो सगळा चढ. त्यावर चर खोदायचे, झाडं लावायची, तलावातला गाळ काढायचा. आणि तलावाच्या बांधावरून गोल फिरता येईल अशी पक्की वाट, बसायले बाकं, सौर दिवे. मी ऑफिसपासून अर्ध्या तासावरच्या एका गावचा तलाव धरला. प्रस्ताव मीच लिहिला, नकाशे मीच काढले, मंत्रालयाच्या पायऱ्या मीच झिजवल्या. मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी मी मिठाईचा डबा घेऊन टेबलोटेबली फिरली. साहेब म्हणाले, "मैडम, कमाल कर दिया आपने." मी अशी फुगली का विचारू नका.

त्या गावात माझं दुपारचं जेवण शाळेत व्हायचं. तिथं पोरांसाठी रांधणारी एक बाई होती, माझ्याच वयाची. मी तिले दीदी म्हणायची, ती मले मॅडम. मी घाईघाईत भात कालवायले लागली का ती ताट थोडं मागं ओढायची आणि आधी पाण्याचा गिलास पुढं करायची. चेंच भाजी केली असली तर माझ्यासाठी वाटीत काढून ठेवायची. तिच्या घरी न्हाणी नव्हती. ती काय, त्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बहुतेक बाया तलावावरच आंघोळ करत. पुरुषांची पचरी अलीकडे, बायांची पार पलीकडे. पचरी म्हणजे पाण्यात उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या. बायांच्या पचरीच्या मागं आणि दोन्ही बाजूंनी बेशरमाच्या झुडपांची दाट भिंत होती. तिच्या आडोशानं त्या पाठी घासत, केस धूत, सासवांच्या कागाळ्या करत आणि मोठ्यानं हसत. घरात डोईवर पदर घेऊन खालच्या मानेनं वावरणारी बाई तिथं वेगळीच दिसायची. हे सगळं मी पाहिलेलं होतं, हे आधीच सांगून ठेवते. मले माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मले नाही.

योजनेच्या नियमाप्रमाणे गावाची संमती लागत होती. चौपालावर सभा झाली. पुढं सरपंच, म्हातारे, कर्ते पुरुष. मागं भिंतीले टेकून बाया, पदर नाकापर्यंत ओढलेला. मी नकाशा उघडून दाखवला, हिंदीत समजावून सांगतलं आणि मग मोठ्या उत्साहानं मागं पाहून विचारलं, "दीदी लोग, आप लोगों को कोई दिक्कत?" समोर कोणाचा सासरा बसला होता, कोणाचा जेठ, म्हणजे थोरला दीर. जेठासमोर त्या बाया सावली पडू देत नाहीत, त्या तोंड उघडतील? सगळ्या जणी हळूच म्हणाल्या, "हव." दीदीही म्हणाली. हव म्हणजे हो. मी खूश! एकेकीचा अंगठा घेतला, शाईचं पॅड पुसून पर्समध्ये टाकलं आणि पुढच्या गावाले पळाली. पचरीवर जाऊन त्यांच्यात दहा मिनिटं बसली असती तर सगळं कळलं असतं. पण बसणार कोण?

मोजणीच्या वेळी टेप घेऊन मी बांधावरून निघाली. बायांच्या पचरीमागं बेशरम इतका माजलेला होता का टेप पुढं जाईना. मी वाटेची रेघ अलीकडे थांबवली, पलीकडून पुन्हा सुरू केली. मधली वीसेक पावलं कोरीच राहिली. साहेबांनी नकाशा पाहिला आणि कपाळाले आठी घातली. "ये क्या है? रास्ता पूरा गोल चाहिए, मैडम. कटा-फटा नहीं चलेगा. ऊपर से वापस आ जाएगा." मी तिथंच, एसीच्या गार हवेत उभ्या उभ्या पेन्सिल घेतली आणि दोन टोकं जोडून टाकली. गोल पुरा झाला. झुडपं काढायची म्हणून एक ओळ वाढवली. चार मिनिटांचं काम होतं ते.

उन्हाळ्यात गाळ निघाला, चर झाले, वाट झाली. पावसाळा बरा झाला आणि तलाव खरंच काठोकाठ भरला. दिवाळीनंतर एका सकाळी मी अहवालासाठी फोटो काढायले गेली. कोवळं ऊन, भरलेलं पाणी, त्याच्या कडेनं फिरणारी लाल फरश्यांची वाट, त्यावर शहरातून गाडी घेऊन आलेले दोन-तीन फिरणारे. माझं काम किती देखणं दिसून राहिलं होतं! मी बांधावरच्या एका वळणावर उभी राहून फोटो घेतला. त्यातला सगळ्यात चांगला अहवालाच्या पहिल्या पानावर लावला, वर पाठवला आणि लोकार्पणासाठी फ्लेक्स छापायलेही तोच दिला. फ्लेक्सचा नमुना मोबाईलवर आला तेव्हा मी स्कुटीवर होती. सिग्नलले थांबून पाहिला आणि लिहिलं, "ठीक आहे, छापा."

लोकार्पणाच्या दिवशी गावाच्या तोंडाशीच तो फ्लेक्स लागला होता, दोन माणसं उंच. त्याच्यासमोर पोट्टे घोळका करून उभे होते आणि एकमेकांले कोपरानं ढोसून हसत होते. मी जवळ गेली. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, लाल वाटेच्या खाली, बायांची पचरी होती. झुडपं नव्हती. पायरीवर दीदी उभी होती, ओलं लुगडं छातीशी आवळलेलं, खांदे उघडे, केस मोकळे, चेहरा सरळ माझ्या कॅमेऱ्याकडं. अहवालातल्या फोटोत ती गव्हाच्या दाण्याएवढी होती. माझ्या नजरेत आलीच नव्हती. इथं ती हातभर होती. गावातला कोणीही तिले ओळखू शकत होता, आणि ओळखलंच होतं.

व माय! मी चप्पल काढून फ्लेक्सच्या बांबूवर चढायले लागली. ठेकेदाराचा माणूस धावत आला, "मैडम, मंत्रीजी आ रहे हैं, क्या कर रही हैं?" मी त्याच्या अंगावर खेकसली, "चूप बैठ!" दोऱ्या सुटेनात, मग मी फ्लेक्स मधोमध फाडला. सगळा गाव पाहत होता. साहेबही पाहत होते. मग मंत्री आले, फीत कापली गेली, भाषणं झाली, आणि मी शाळेच्या स्वयंपाकघराकडं पळत गेली. चुलीवर दुसरीच बाई होती. दीदी त्या दिवशी आली नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही, आठवड्यानंही नाही.

मी तिच्या घरी गेली. सासूनं दारातच खाट टाकली आणि "बइठव" म्हटलं, पण दीदी बाहेर आली नाही. घरामागं चार काठ्या रोवून जुनं लुगडं गुंडाळलं होतं; हातपंपावरून बादली आणून ती त्यात आंघोळ करत होती. सासू म्हणाली, वाट झाल्यापासून बाया तशाही अंधारातच उरकून येत होत्या, कारण उजाडलं का वर बाकांवर कोणी ना कोणी येऊन बसते; फोटोच्या दिवशी हिलेच उशीर झाला होता. आता फोटोनंतर तर तिचा नवरा पाठवतच नाही, आणि तीही म्हणते, जाणार नाही. "कोनो नइ पूछिस," म्हातारी म्हणाली. कोणी विचारलंच नाही आम्हाले. मी संमतीच्या कागदाचं नाव काढणार होती, पण जीभ आवरली.

त्यानंतर माझ्या जिवाले थाराच राहिला नाही. तिले तिची पचरी परत मिळाली पाहिजे, एवढं एकच डोक्यात घुमत राहायचं. जेवता जेवता उठायची, गच्चीवर जायची, खाली यायची. आई म्हणे, "काय झालं वं पोट्टे, काहून अशी करून राहिली?" मी तिलेही सांगतलं नाही. लाज वाटत होती. ऑफिसात मी साहेबांले लेखी दिलं का वाट बायांच्या पचरीमागून उखडावी, बांधाच्या बाहेरून वळवावी आणि मध्ये पुन्हा झाडीची आड लावावी. साहेबांनी कागद परत माझ्याकडं सरकवला. "लोगों की पहुँच के लिए पैसा मिला है, और आप रास्ता बंद करने की बात करती हैं?"

"सर, बायका लोक नाहीत का?" मी मराठीतच ओरडली. त्यांले शब्द कळले का नाही कोण जाणे, आवाज कळला. कागद त्यांनी ठेवून घेतला. पुढं दोन महिने मी त्यांच्या टेबलाशी इतक्या चकरा मारल्या का शेवटी वैतागून त्यांनी सही केली, आणि वर लिहिलं का जबाबदारी माझी राहील. माझ्या बढतीच्या फाईलवर त्याच वर्षी "काम में हठ" असा शेरा बसला. बसू दे.

ह्या वेळी रेघ मी काढली नाही. पाऱ्यातल्या बायांले घेऊन पचरीवर गेली, पुरुष कोणीच नाही. त्या हातात काठी घेऊन मातीत ओढत चालल्या: इथून वळवा, इथं उंच हवं, इकडून अंगावर नजर पडते. त्यांची भांडणं लागली, हसणं झालं, एकीनं माझ्या हातातून टेप ओढून घेतला. दीदी आली नव्हती. फरश्या उखडल्या, वाट वळली, करंजाची दाट रांग लावली आणि ती वाढेपर्यंत बांबूचा तट्टा उभा केला. पंधरा दिवसांत बाया उजेडात यायले लागल्या. साहेबांनी पाठवलेल्या माणसानं काम तपासून "रास्ता अपूर्ण" असं लिहून नेलं.

फोटोचं मात्र काही करता येईना. अहवाल पाच ठिकाणी गेला होता. तीन ठिकाणी मी हातापाया पडून पान बदलून घेतलं. चौथ्या ठिकाणी म्हणाले, बांधणी झाली, आता पान निघत नाही. पाचवा सरकारी पोर्टलवर चढलेला होता, तिथं काम करणारा पोट्टा म्हणाला, "मैडम, लॉक हो गया है. अच्छा फोटो है, टेंशन क्यों लेती हैं?" आणि फ्लेक्ससमोर हसणाऱ्या त्या पोट्ट्यांच्या हातात मोबाईल होते, हेही मले दिसलं होतं.

मी पुन्हा दीदीच्या घरी गेली. माफी मागितली, सरळ हात जोडून. म्हटलं, चल, एकदा पाहून तर घे, कुठूनच काही दिसत नाही आता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. हातात कोरडं लुगडं, खांद्यावर पंचा. खाली पाण्यात उभ्या बायांनी तिले पाहून एकच कल्ला केला, एकीनं तिच्याकडं पाणी उडवलं. माझा जीव असा भांड्यात पडला का काय सांगू! ती पहिल्या पायरीपर्यंत गेली. मग थांबली, बांबूच्या तट्ट्याकडं पाहिलं, वर करंजाच्या रोपांकडं पाहिलं आणि माझ्याजवळ परत आली.

हळू आवाजात तिनं विचारलं, "वो फोटू ल कतका झन देखे होहीं, मॅडम?"

किती जणांनी पाहिला असेल तो फोटो. बस, एवढंच. "कोणीच नाही" असं म्हणायले मी तोंड उघडलं होतं. म्हटलं असतं तर ती पाण्यात उतरली असती, असं मले आजही वाटते. पण ती माझ्या डोळ्यांत पाहत होती, आणि ह्या बाईले मी एकदा अंगठा घेऊन फसवलं होतं. मी म्हटलं, "मले माहीत नाही, दीदी."

खालून बाया हाका मारत होत्या. मग तिनं कोरडं लुगडं काखेत धरलं आणि घरी निघून गेली. बायांनी जराशी वाट पाहिली, आणि आपली आंघोळ सुरू केली.