कागद रोज बदला, ईनबाई

त्या रविवारी सकाळी आमच्या वाकडच्या फ्लॅटच्या गॅलरीत जुना पेपर अंथरून घरातले सगळे बूट ओळीनं मांडून ठेवले होते. माझ्या मुलाचे, प्रसादचे, ऑफिसचे काळे, सुनेचे, स्वातीचे, तपकिरी, नातीचे शाळेचे आणि सगळ्यांत शेवटी माझी चामड्याची चप्पल. मला तिची लाज वाटायची म्हणून मी ती दर वेळी मागे सरकवायची आणि नात ओवी ती पुन्हा पुढे आणून ठेवायची. महिन्याचा पहिला रविवार म्हणजे स्वातीचे वडील येणार. नाव बबनराव, पण सगळं गाव अण्णा म्हणायचं, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणायचो. चाकणजवळच्या गावातून दोन बस बदलून यायचे आणि चहाच्याही आधी बुटांना पॉलिश करायला बसायचे. साडेनऊ झाले, दहा झाले. प्रसाद म्हणाला, "चाकणच्या चौकात अडकले असतील. तिथं माणूस लग्नाला निघाला तर बारशाला पोचतो." आम्ही हसतोय तोवर स्वातीच्या भावाचा फोन आला. अण्णा पहाटे झोपेतच गेले होते... ओवी हातात सोडलेल्या नाड्या घेऊन विचारत होती, "आजोबा कुठपर्यंत आलेत?" बूट तसेच गॅलरीत सोडून, मिळेल ते पायात अडकवून आम्ही निघालो. त्यांच्या दारात उतरल्यावर मला कळलं की माझ्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला आहेत. आणि बघा, अशा वेळी मनात पहिलं काय यावं? की आता अण्णा मला बोलणार.

व्याही म्हटलं की मानपान, टॉवेल-टोपी आणि दिवाळीचा फराळ, एवढंच मला ठाऊक होतं. सोयरीक ठरल्यावर अण्णा घरच्या माणसांना घेऊन पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा आम्ही आकुर्डीत दोन खोल्यांत राहत होतो. प्रसादचे वडील तो लहान असतानाच गेले. मी कंपनीतल्या मुलांचे जेवणाचे डबे करून घर चालवलं, त्यामुळे डबा दिसला की माझा हात आपसूक झाकणाकडे जातो. अण्णा दोन भाकरी खाऊन हात धुवायला उठले आणि त्यांच्या पिशवीतला तीन कप्प्यांचा डबा मला दिसला. वाटलं, पोरीच्या घरून काहीतरी पाठवलंय. वरचा कप्पा उघडला तर आत काळंभोर, घट्ट. त्यांच्या मावळाकडे खुरासणीची चटणी करतात, ती तशीच दिसते. मी करंगळीवर जरा घेतली आणि जिभेला लावली... तेवढ्यात अण्णा मागे येऊन उभे. म्हणाले, "ईनबाई, त्यो काळा कप्पा हाय. तपकिरी खाली हाय. भाकर देऊ का लावायला?" विहीणबाईचं त्यांच्या तोंडी ईनबाई व्हायचं. मी मोरीकडे धावले. तीन वेळा चूळ भरली तरी दात काळेच. पोरीकडच्या माणसांसमोर मी दिवसभर पदर तोंडावर धरून बसले, आणि ती सगळी म्हणत राहिली, काय मर्यादशील सासू मिळाली पोरीला!

अण्णांच्या पायात पहिला चामडी बूट आला तो वयाच्या तिशीत. जमीन कारखान्यात गेली, त्याच कारखान्याच्या गेटवर त्यांना नोकरी मिळाली आणि कपड्यांबरोबर बूट मिळाले. तोवर वहाणा. पण कातडं त्यांना ठाऊक होतं. लहानपणापासून बैलाच्या गळ्यातले पट्टे, घुंगरांच्या माळा ते तेल लावून मऊ ठेवायचे. गेटवरच्या बाकीच्यांचे बूट वर्षात फाटायचे आणि अण्णांचे तसेच. विचारलं की म्हणायचे, "कातडं हाय त्ये. त्याला बी खायला लागतं, त्याला बी रजा लागती. आज घातला, उद्या निजू द्यायचा." मी त्यांना सांगितलं, मी तर प्रसादचे शाळेचे बूट दर शनिवारी धुण्याच्या पावडरीत भिजवून, नारळाच्या काथ्यानं घासून पत्र्यावर उन्हात टाकायची. अण्णांनी डोळेच मिटून घेतले. "मग?" म्हणाले. मी म्हटलं, मग काय, पापड! चावला असता तर मोडला असता. म्हणाले, "पोरगं बिचारं त्यातच शिकलं आन् इंजिनेर झालं. शाबास हाय त्याची."

त्यांची पद्धत ठरलेली. आधी नाड्या काढायच्या, मग कोरड्या ब्रशनं धूळ झटकायची, जुन्या टूथब्रशनं शिवणीतली माती काढायची, घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. पॉलिश म्हणजे नखावर मावेल एवढंच, जुन्या बनियनच्या कापडावर. ते लावून चहा प्यायचा, कारण बुटालाही चहाएवढा वेळ लागतो. मग ब्रश आणि शेवटी मऊ कापड. या सगळ्यात डावा हात बुटाच्या आत असायचा, पार बोटांपर्यंत. मला ते बघवायचं नाही. बुटात हात घालायचा? मी म्हणायची, अण्णा, चिमट्यानं धरा हवं तर. ते म्हणायचे, "आतून हात लावल्याबिगर कळत न्हाई, ईनबाई, कुठं दुखतंय त्ये."

आता लग्नाचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलंय. चाकणच्या कार्यालयात लग्न. सिनेमात बघून आजकाल मुलीकडच्या पोरी नवऱ्याचे बूट लपवतात, तसे स्वातीच्या बहिणींनी प्रसादचे लपवले, पार भटारखान्याच्या मागे तांदळाच्या पोत्यांआड. अण्णा मठ्ठा बघायला तिथं गेले आणि त्यांना काय दिसलं? जावयाचे नवेकोरे बूट आणि त्यांवर ओघळलेलं वरण. फेटा बांधलेला, अंगावर नवा सदरा, तसाच हा माणूस एका उपड्या पातेल्यावर बसला आणि गाडीतून पॉलिशचा डबा मागवून घेतला. इकडे मांडवात पोरी ऐटीत बूट आणायला गेल्या तर पोत्यांआड काहीच नाही. त्या रडायला लागल्या. आमच्याकडचे म्हणू लागले, ही कसली थट्टा? नवरा मोज्यांवर उभा. एवढ्यात समोरून अण्णा आले, दोन्ही हातांत हातमोज्यासारखे बूट चढवून, आणि ते बूट असे चमकत होते की मांडवातली झुंबरं त्यांत दिसावीत. खाली बसून त्यांनी ते प्रसादच्या पायांपुढे ठेवले. "घ्या जावईबापू. आता मंडळींना म्हणावं वरातीला चला."

तोच माझ्या मोठ्या जाऊबाई जोरात म्हणाल्या, "अगं बाई! पोरीच्या बापाला जोडे पुसायला लावले गं हिनं!" माझं तोंड भाजल्यासारखं झालं. मी डबे करणारी बाई, एकटी. पोराच्या लग्नात कुणी बोट दाखवू नये म्हणून मी मानाची सुपारीसुद्धा दोनदा मोजली होती. अण्णा हसून म्हणाले, "लावतंय कोन? मला घाण बघवली न्हाई. लेकाच्या पायातलं पुसलं तर हात झडत्यात व्हय?" त्यांच्या दृष्टीनं विषय तिथंच मिटला. माझ्या दृष्टीनं नाही.

महिन्याभरानं फोटोग्राफरनं अल्बमसाठी निवडायला फोटोंचं पाकीट दिलं. त्यात तो फोटो होता. पातेल्यावर बसलेले अण्णा, डावा हात बुटात, बुटाचं नाक तोंडापुढे धरलेलं आणि त्याच्याकडे बघत असे हसतायत, जसं आपण पाळण्यातल्या बाळाकडे बघून हसतो. इतका सुंदर फोटो पाकिटात दुसरा नव्हता. मी तो काढला आणि कपाटातल्या कागदाखाली सरकवला. अल्बमात तो गेला की जाऊबाई प्रत्येक पाहुण्याला दाखवणार, हे एवढंच मला दिसत होतं. पुढे अण्णांनी विचारलं, "ईनबाई, माझा त्यो बुटाचा फोटू? फोटूवाला म्हनला लई झ्याक आला." मी म्हटलं, तो हलला हो, अण्णा. नीट आलाच नाही. म्हणाले, "हलला व्हय? मी तर दम धरून बसलो हुतो." दोन-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं. आम्ही वाकडला राहायला आलो तेव्हा विचारलं, "सामान हलवताना घावला का?" मी म्हटलं, नाही हो. सामान हलवताना तो फोटो मी स्वतः, माझ्या साड्यांच्या घडीत घालून आणला होता. द्यावासा वाटायचा, खोटं नाही सांगत. पण दिला असता तर इतकी वर्षं खोटं बोलले हे कळलं असतं आणि त्या माणसासमोर मला लहान व्हायचं नव्हतं. अकरा वर्षं झाली...

शेवटचे आले ते गेल्या ऑगस्टमध्ये. भोसरीला बस बदलताना पाऊस गाठला आणि त्यांचे बूट पार भिजले. तरी आधी आमच्या सगळ्यांचे केले, मग स्वतःचे घेतले. मी वाळायला फ्रीजच्या मागे ठेवू का म्हटलं तर म्हणाले, "ईनबाई, तुमी जेवायला वाढा. बुटांचं तुमचं मला म्हाईत हाय." मग पेपरचे बोळे करून आत भरायला बसले. मी माझी वाचून झालेली पुरवणी पुढे केली. त्यांनी ती बोटांत चोळून बघितली आणि परत दिली. "ह्यो कागद गुळगुळीत. पानी पीत न्हाई. साधा द्या." एवढा विद्वानांनी लिहिलेला कागद, एका चिमटीत नापास! बूट आमच्या दाराशी ठेवून, प्रसादच्या स्लीपर घालून ते निघाले. लिफ्टचं दार लागता लागता बाहेर डोकं काढून म्हणाले, "पुढल्या खेपंला नेतो. कागद रोज बदला, ईनबाई." हेच शेवटचं. लिफ्टनं त्यांना खाली नेलं.

दशक्रियेच्या आधी गावाकडच्या घरात सगळे फ्लेक्ससाठी फोटो शोधत होते. अण्णांचे फोटो होते ढीगभर, पण कॅमेरा दिसला की हा माणूस गेटवर उभा राहिल्यासारखा ताठ व्हायचा. सगळ्या फोटोंत तोच चेहरा, समोरच्याचं ओळखपत्र तपासणारा. स्वातीचा भाऊ म्हणाला, "मतदान कार्डावरचा लावू, दुसरं काय?" त्या कार्डावर अण्णांचे डोळे मिटलेले आहेत. स्वाती म्हणाली, "हसताना एक तरी पाहिजे रे दादा. अण्णा असे नव्हते." मी भिंतीला टेकून बसले होते. उठले, प्रसादला गाडी काढायला लावली, वाकडला आले, साडीची घडी उलगडली आणि संध्याकाळपर्यंत परत गेले. स्वातीच्या हातात फोटो ठेवला आणि सगळं सांगितलं, जाऊबाईंपासून साडीच्या घडीपर्यंत. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फोटोवरून बोट फिरवत राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, ते मला विचारायचे. म्हणायचे, माझ्यामुळं हलला असंल गं, मला नीट बसायला येत न्हाई." ... मी पदर तोंडाला लावला. या वेळी पॉलिश नव्हतं लागलेलं.

आणि एवढं होऊनही गंमत बघा. फ्लेक्सवाल्यानं विचार केला की श्रद्धांजलीला बूट बरा दिसत नाही, म्हणून आपल्या मनानं त्यानं बूट पुसून तिथं गुलाब घातला. घाटावर जाऊन बघतो तर अण्णा फेटा बांधून, डोळे अर्धे मिटून, कोबीएवढा गुलाब हुंगतायत. चित्रातले मोगल बादशहाच! गावातले एक म्हातारेबाबा किती वेळ मान वाकडी करून बघत होते. मग म्हणाले, "बबन्याला फुलाचा नाद कदी लागला?" आणि स्वाती, जी दहा दिवस धड जेवली नव्हती, ती खुदकन हसली. मग तिचा भाऊ हसला, मग मी. भटजी मागे वळून बघायला लागले.

खरा फोटो, बुटासकट, आता आमच्या दारातल्या बुटांच्या कपाटावर लावलाय. जागा ओवीनं निवडली. परवा जाऊबाई आल्या. चप्पल काढता काढता थबकल्या. "अगं, गेलेल्या माणसाचा फोटो पायताणांवर कुणी लावतं का?" अकरा वर्षांपूर्वी मी फोटो उतरवला असता. मी म्हटलं, "बाई, ते आमचे व्याही. माझ्या पोराचे बूट त्यांनी पुसले, भर मांडवात. बघा, काय सुंदर हसतायत." आत जाताना जाऊबाईंनी स्वतःची चप्पल जरा सरळ करून ठेवली.

फोटोच्या खाली अण्णांचे बूट आहेत. ते गेल्यावर पहिल्यांदा कागद बदलायचा म्हणून मी डोळे मिटून आत हात घातला. कसा घातला मलाच ठाऊक. आत तळाला त्यांच्या पाचही बोटांचे खळगे आहेत, आणि डाव्या बुटात अंगठ्यापाशी कापसाचा घट्ट बोळा शिवून बसवलेला आहे. कसं दुखत असेल, कधीपासून दुखत असेल, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दोन बस बदलून येताना त्यांनी कधी म्हटलंही नाही.

बूट केव्हाच खडखडीत वाळलेत. कागद मात्र मी रोज बदलते. म्हणून संपादकसाहेबांना एवढीच विनंती आहे, की हे लिहिलेलं छापणार असाल तर गुळगुळीत पानावर छापू नका, आतल्या साध्या कागदावर छापा. फार लांबलं असेल तरी चालेल. एका बुटात नाही मावलं, तर उरलेलं दुसऱ्यात घालीन.